जुन्या स्पीकरला नवी तकाकी

सत्तर-ऐंशीच्या दशकात हौसेने घेतलेली लाकडी स्पीकरची जोडी अजूनही कित्येक घरांत माळ्यावर नाहीतर दिवाणखान्याच्या कोपऱ्यात उभी असते. आवाज ठणठणीत असतो. पण डोक्यावर फुलदाणीच्या पाण्याचे पांढरे गोल, कडांना उडालेले पॉलिश आणि वर्षानुवर्षांच्या हातांचा मळ. मग घराला रंग लावायचा निघाला की कोणीतरी म्हणते, "याही घासून काढू आणि लॅकर मारू." यातले ते 'घासून काढू'च घात करते.

कारण ही पेटी सहसा अस्सल सागवानाची नसते. आत प्लायवुड किंवा भुसा दाबून केलेला बोर्ड असतो आणि त्यावर साग, शिसम वा अक्रोडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर, चिकटवलेला असतो. त्याची जाडी अनेकदा एकावर एक ठेवलेल्या दोन पोस्टकार्डांएवढीच. घासायचे मशीन कडेवर क्षणभर जास्त रेंगाळले की खालचा बोर्ड डोकावू लागतो. गेलेला पापुद्रा कोणत्याही पॉलिशने परत येत नाही. काही पेट्यांवर तर लाकूडही नसते, लाकडासारखी छापलेली प्लॅस्टिकची फिल्म असते. एकच रेघ ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा दिसली तर तसे समजावे आणि लॅकरचा विचार सोडून द्यावा. थिनरने ती फिल्म आक्रसते.

लाकूडच आहे अशी खात्री झाली की जुने पॉलिश कोणते ते ओळखावे. पेटीच्या मागे, तळाशी, जिथे कोणाची नजर जात नाही तिथे कापसाच्या बोळ्याने थोडे स्पिरिट लावावे. जागा चिकट झाली तर ते लाखेचे पॉलिश. स्पिरिटने काही झाले नाही, पण थिनरने विरघळले तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर मेलामाइन, पॉलियुरेथेन किंवा तसलेच काही कडक पॉलिश असणार.

लाखेचे निघाले तर नव्या लॅकरचा हट्ट कशाला? पळस, बोर, कुसुम या झाडांवरच्या किड्यापासून मिळणारी ही लाख आजही झारखंड, छत्तीसगडकडून येते. आजोबांच्या काळातल्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांतही तीच असे. तिचा मोठा गुण असा की नवा थर जुन्यात विरघळून एकजीव होतो. चपडी स्पिरिटमध्ये विरघळवून, कापडाच्या गोळ्याने हलक्या हाताने फिरवली की पेटी पुन्हा उजळते. पांढरे गोलही बऱ्याचदा त्यातच नाहीसे होतात, कारण ओल लाकडात नव्हे, वरच्या थरातच अडकलेली असते.

जुने लॅकर असेल तर तेही नव्या लॅकरशी असेच जुळते. तिथे ३२० किंवा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, हातानेच, लाकडाच्या रेघांच्या दिशेने फक्त चमक मारावी. कडक पॉलिशवरही तेवढेच करावे. पण नवा थर धरतो की नाही हे आधी मागच्या बाजूला पाहावे.

त्याहीआधी सफाई. पाण्याने मुळीच नाही. भुशाचा बोर्ड ओल लागली की फुगतो. टर्पेंटाइनने पुसावे आणि दर वेळी कापड बदलावे. फर्निचर चमकवायचा सिलिकॉनचा फवारा घरात वापरात असेल तर अधिकच नीट पुसावे, नाहीतर लॅकर त्या जागी बसत नाही आणि बारीक गोल खड्डे पडतात. व्हिनियरचा कोपरा सुटला असेल तर खाली फेव्हिकॉल सोडावा, वर मेणकागद ठेवून रात्रभर वजन द्यावे.

आतले गोल स्पीकर आधीच काढून दुसऱ्या खोलीत ठेवावेत. तारा सोडण्यापूर्वी कुठली तार कुठे, याची खूण करावी. लोखंडी काथ्याने घासण्याचा मोह तर टाळावाच. त्याचे बारीक कण चुंबकाच्या फटीत शिरले की स्पीकर कायमचा खरखरतो.

एनसी लॅकर इतके झटपट सुकते की ब्रशचे ओरखडे तसेच राहतात, म्हणून ते फवारून देतात. तीन-चार पातळ थर द्यावेत. एकच जाड थर ओघळतो. हे काम पॉलिशवाल्यावर सोपवले तर त्याला आधीच बजावावे की गडद रंग चढवायचा नाही आणि पुट्टी भरायची नाही. डाग झाकायला अनेकांचा तोच सोपा उपाय असतो आणि सागाचा मूळ सोनेरी रंग त्याखाली गाडला जातो. दोन डब्यांतली द्रावणे मिसळून होणारे पॉलियुरेथेन तर घरी फवारूच नये, त्याची वाफ फुप्फुसांना घातक असते.

एनसी लॅकर आणि थिनर चटकन पेट घेतात. काम गच्चीवर किंवा मोकळ्या व्हरांड्यात करावे. गॅस, देवघरातली समई, उदबत्ती, विडी यांपैकी काहीही जवळ नको. मुले आणि म्हातारी माणसे त्या दिवशी दूरच बरी. दिवसही कोरडा हवा. मुंबई-कोकणात पावसाळ्यात फवारलेल्या लॅकरवर हवेतल्या ओलाव्याने दुधी झाक येते. तिथे दिवाळीपर्यंत थांबलेलेच बरे.

लॅकर तासाभरात हाताला कोरडे लागते, पण पुरते पक्के व्हायला काही आठवडे जातात. तोवर वर फुलदाणी नको आणि वास जाईपर्यंत आतले स्पीकर बसवू नयेत. बसवताना केलेल्या खुणा पाहूनच तारा जोडाव्यात. जोडीतल्या एकाच पेटीची तार उलटी लागली तर गाणे ऐकू येते, मात्र खर्ज हरवतो आणि दोष उगाच नव्या पॉलिशच्या माथी मारला जातो.