सहा महिन्यांत टेक्निशियन? फसू नका!

बारावीचा निकाल लागला की बीडमधल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात फिरते: ‘सहा महिन्यांत एक्स-रे टेक्निशियन, नोकरीची हमी.’ उचलीच्या पैशातून फी भरणारी घरंही त्यात अडकतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. कोडमधली चूक अपडेटने सुधारता येते. पेशंटच्या शरीरात गेलेला रेडिएशनचा डोस परत घेता येत नाही. हे काम फक्त बटण दाबण्याचं नाही.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने हे क्षेत्रही नियमांखाली आणलं. त्यानुसार डिप्लोमा असो वा पदवी, किमान २ वर्षं आणि २,००० तासांचं शिक्षण हवं. मग सहा महिन्यांच्या कागदाची किंमत काय?

‘गरिबाला थांबायला वेळ कुठे?’ असं म्हणतात. खरंय. म्हणूनच बिनकामाच्या कागदावर पैसा घालवणं गरिबालाच परवडत नाही.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बीपीएमटी पदवी आहे: ३ वर्षं शिक्षण, १ वर्ष इंटर्नशिप. मोहल्ल्यातल्या करिअर मेळाव्यांत डॉक्टर, इंजिनिअर आणि यूपीएससीपलीकडे कुणी बोलतच नाही. मुलींनाही ही वाट दाखवा.

फी भरण्याआधी एकच प्रश्न विचारा: कोणत्या विद्यापीठाची मान्यता? उत्तर गोलमोल आलं, तर उठून या. अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात जाऊन चौकशी करा.