भाषण मोकळे, पण पुस्तक कुठे?

सीमेवरच्या मराठी माणसाच्या वाट्याला कागदावरचे हक्क पुष्कळ आले. ते हाती पडण्याचे योग मात्र फार थोडे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणांच्या बाबतीतही हेच घडले आहे. १ जानेवारी २०१७ पासून या भाषणांवर कोणाचाही स्वामित्वहक्क उरलेला नाही. कायद्याने ती तुमची-आमची झाली. पण लोधीखेडा, मोहगाव, रामाकोना किंवा तिगाव येथल्या वाचकाला ती मूळ मराठीत, छापील पुस्तकात वाचायची असतील, तर त्याला नागपूरचीच वाट धरावी लागते. हक्क मोकळा झाला, पुस्तक गावात आले नाही.

प्रथम कायदा पाहू. जाहीर सभेतले भाषण कोणाचे? बोलणाऱ्याचे, ऐकणाऱ्यांचे की सभा भरवणाऱ्यांचे? १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे १७वे कलम सांगते की, भाषणाचा पहिला मालक वक्ता. तो दुसऱ्याच्या वतीने बोलला असेल, तर ज्याच्या वतीने बोलला तो. सभा कोणी भरवली, जागा कोणाची होती, याने मालकी बदलत नाही. वर्तमानपत्राला सभेचा वृत्तांत छापण्याची मुभा आहे, तेवढी सोडली तर हक्क वक्त्याकडे आणि त्याच्यामागे वारसांकडे राहतो. मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे मोजायची. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले, म्हणून ही मुदत ३१ डिसेंबर २०१६ रोजी संपली.

ही मुदत पूर्वी ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ साली वारले. १९९१च्या अखेरीस त्यांचे साहित्य सर्वांना मोकळे होणार, तोच केंद्र सरकारने मुदत १० वर्षांनी वाढवली. वाढ सर्वांनाच लागू झाली. ती झाली नसती, तर बाबासाहेबांची भाषणे २००६च्या अखेरीसच लोकांची झाली असती.

अमेरिकेत तर याहून कडक कारभार आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी २८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनला लाखोंच्या समुदायापुढे भाषण केले. ते दूरचित्रवाणीवरून देशभर दिसले. तरीही त्याचा मोठा भाग एका वाहिनीने पुढे वापरला, तेव्हा किंग यांच्या वारसांनी दावा लावला. १९९९ साली अपील न्यायालयाने म्हटले की, जाहीरपणे बोलल्याने भाषणावरचा हक्क सुटत नाही. २०१४च्या ‘सेल्मा’ या चित्रपटात किंग यांच्या तोंडी त्यांची स्वतःची वाक्ये घालता आली नाहीत, नवी रचावी लागली.

वारसांचा हक्क चुकीचा, असे आम्ही म्हणणार नाही. लेखणीवर आणि वाणीवर जगणाऱ्याच्या मुलाबाळांना काही मिळावे, हे रास्तच आहे. शिवाय ज्याचे शब्द त्याच्या हाती असणे कधी कधी फार मोलाचे ठरते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांचे भाषण ठरवले आणि मजकूर न पटल्याने सभाच रद्द केली. बाबासाहेबांनी मजकूर बदलला नाही. न झालेले ते भाषण त्यांनी स्वखर्चाने छापले आणि त्याच्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. आपले शब्द लोकांपर्यंत गेलेच पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता. आज हक्काची मुदत संपल्यावरही ते शब्द लोकांपर्यंत जात नसतील, तर दोष कोणाचा?

आता आपल्या दाराशी येऊ. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धर्मांतराचा सोहळा झाला आणि दुसऱ्या दिवशी, १५ तारखेला, बाबासाहेबांनी त्यामागची भूमिका मराठीतून सांगितली. नागपूरच का निवडले, हेही त्यांनी त्यात सांगितले. त्या दिवशी नागपूर ही आपल्याच राज्याची राजधानी होती, हे आज किती जणांना आठवते? छिंदवाडा जिल्हा आणि नागपूर तेव्हा एकाच मध्य प्रदेशात होते. त्यानंतर सतराच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, राज्यपुनर्रचना झाली. नागपूर एका राज्यात आणि सौंसर-पांढुर्णा दुसऱ्या राज्यात राहिले. भाषण झाले तेव्हा सीमा नव्हती. पुस्तक छापले गेले तेव्हा ती उभी होती.

ते भाषण टिकले तेही मराठी पत्रामुळे. ‘प्रबुद्ध भारत’ने २७ ऑक्टोबर १९५६च्या विशेषांकात ते छापले. पुढे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांनी काढण्यास सुरुवात केली. नागपूरच्याच वसंत मून यांनी त्या संपादनासाठी आयुष्य वेचले. मराठी भाषणे अठराव्या खंडाच्या तीन भागांत आली. काम थोर, पण छपाईची गती अशी की, ती रखडल्याच्या बातमीवरून २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

महाराष्ट्रातच ही स्थिती, तर सीमेपलीकडच्या गावांची काय कथा? महाराष्ट्र म्हणतो, ती गावे मध्य प्रदेशात आहेत. मध्य प्रदेश म्हणतो, मराठी पुस्तके महाराष्ट्राने पाहावीत. आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना! दरम्यान आमची मुले शाळेत हिंदीतून शिकतात आणि नागपुरात मराठीत झालेले भाषण हिंदी अनुवादातून वाचतात. अनुवाद वाईट नव्हे. पण मूळ वाणी आपल्या बोलीत ऐकण्याचा हक्क ज्यांना आहे, त्यांनी ती उसनी का घ्यावी?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ५ ऑक्टोबर २०२३ रोजी पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. या नव्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात मराठी विभाग असावा आणि अठराव्या खंडाचे तिन्ही भाग तेथे असावेत. आपली भाषा जतन करण्याचा हक्क घटनेच्या २९व्या कलमाने दिला आहे. ही मागणी त्यातच बसते. महाराष्ट्र शासनानेही सीमेपलीकडच्या मराठी वाचनालयांना हे संच विनामूल्य पाठवावेत.

पण सरकारची वाट पाहत बसण्याचेही कारण नाही. मूळ भाषण छापायला आता कोणाची परवानगी लागत नाही. गावातल्या मंडळाने, वाचनालयाने १५ ऑक्टोबरचे भाषण पुस्तिकेच्या रूपाने छापावे आणि चावडीवर, विहारात, शाळेत ते मोठ्याने वाचावे. पथ्य एवढेच की, संपादकाने लिहिलेली प्रस्तावना व टिपा आणि अलीकडचे अनुवाद यांवर त्या-त्या लेखकाचा हक्क असतो. ते उचलू नयेत. तसेच प्रत्येक थोर पुरुषाची मुदत वेगळी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. त्यांच्या भाषणांवरचा हक्क २०२८च्या अखेरपर्यंत आहे. जुन्या ध्वनिफितींवर ती फीत काढणाऱ्याचा निराळा हक्क असतो, हेही ध्यानात ठेवावे.

वाचकहो, सीमा ओढणाऱ्यांनी आपल्याला विचारले नव्हते. पण नागपुरात आपल्या भाषेत बोललेले शब्द आपल्या गावात यावेत की नाही, हे आता सर्वस्वी आपल्या हाती आहे. येत्या धम्मचक्र प्रवर्तन दिनापूर्वी निदान एक पुस्तिका प्रत्येक मराठी गावात पोहोचावी. एवढे आपण केले, तरच त्या मोकळ्या झालेल्या हक्काला काही अर्थ.