मोडीत निघालेले वैभव

भिवंडीस 'भारताचे मँचेस्टर' म्हणण्यात आपणांस भूषण वाटते. मग खुद्द मँचेस्टरजवळ काय घडले, तेही पाहावे. तेथील क्वारी बँक ही १७८४ सालची कापडगिरणी १९३९ मध्ये सार्वजनिक न्यासाकडे आली. तिच्यातील माग आजही लोकांपुढे चालवून दाखवितात. भिवंडीत मात्र यंत्रमाग भंगाराच्या भावाने वजनावर विकले जात आहेत. उत्तरेकडून आलेल्या मोमीन विणकरांनी हातमागावर उभा केलेला हा धंदा मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेल्या मागांवर वाढला आणि १९८२ च्या गिरणी संपानंतर फोफावला. त्याची एकही खूण राहू नये काय?

पोटाची भ्रांत असता संग्रहालय कशाला, असे कोणी विचारील. चालू मागांना परवडणारी वीज व सूत मिळणे अगत्याचे आहेच. परंतु धोटा कसा धावतो, तुटलेला धागा क्षणात कसा सांधतात, हे जाणणारे हात थकत चालले आहेत. महानगरपालिकेने एक जुना कारखाना दहाबारा मागांसह विकत घेऊन चालता ठेवावा व जुन्या कारागिरांस तेथे वेतनावर शिक्षक नेमावे, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. विलंब झाल्यास माग एक वेळ मिळतील. ते शिकविणारे मिळणार नाहीत.