पुतळे पुष्कळ झाले, वाटेगावात संग्रहालय हवे

सप्टेंबर 2022 मध्ये मॉस्कोतील परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा बसवण्यात आला. 1961 च्या भेटीनंतर ज्या देशावर त्यांनी ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिले, तिथे हा सन्मान व्हावा हे उचितच. मात्र त्या देशाकडून आपण शिकावे असे वेगळेच काही आहे. लेखकाचे स्मारक म्हणजे त्याच्या आयुष्याचे संग्रहालय, ही रीत तिथे खेडोपाडी रुजली आहे. टॉलस्टॉयचे यास्नाया पोल्याना 1921 पासून संग्रहालय आहे. चेखव 1892 ते 1899 या काळात मेलिखोवोत राहिला. शेतकऱ्यांवर उपचार करता करता त्याने तिथेच ‘सीगल’ हे नाटक लिहिले. तिथे गेलेल्या माणसाला डॉक्टर आणि नाटककार एकत्र भेटतात. पुतळा लेखकाचा चेहरा दाखवतो. त्याचे लेखन कोणत्या मातीतून, कोणत्या जाचातून आले, हे सांगण्याचे काम संग्रहालयाचे. अण्णाभाऊंच्या जन्मगावी, वाटेगावात, स्मारक आहे. आता त्याला अशा संग्रहालयाची जोड मिळायला हवी.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा की, टॉलस्टॉय जमीनदार होता, त्याचा वाडा आणि ग्रंथसंग्रह टिकला; अण्णाभाऊ मातंग वस्तीत जन्मले, मग दाखवायचे काय? याचेही उत्तर रशियातच मिळते. कवी येसेनिन शेतकऱ्याचा मुलगा. कॉन्स्टँटिनोवो गावातले त्याचे घर 1922 मध्ये जळाले. ते पुन्हा उभारले गेले आणि 1965 मध्ये तिथे संग्रहालय सुरू झाले. गॉर्कीच्या आजोबांचे निझनी नोवगोरोदमधले घर तर त्याच्या आत्मकथनातल्या वर्णनांवरून सजवले आहे. वस्तू नसल्या तरी पुस्तके पुरावा देतात. अण्णाभाऊंच्या ‘फकिरा’ कादंबरीतील हजेरीमागे गुन्हेगार जमाती कायदा उभा आहे. त्या कायद्याचे सरकारी कागद, वारणाखोऱ्याचे नकाशे, डफ-तुणतुण्यासह लालबावटा कलापथकाची कहाणी, पोवाड्यांचे ध्वनिमुद्रण, रशियन अनुवादांच्या प्रती, बापासोबत मुंबईला पायी गेलेल्या मुलाची वाट: एवढ्यावर चार दालने सहज भरतील. मात्र त्यांचा साम्यवाद आणि त्यांनी भोगलेली अस्पृश्यता झाकून केवळ गोडगोड लोकशाहीर दाखवायचा असेल, तर संग्रहालय न झालेलेच बरे.

दुसरा आक्षेप असा की, अण्णाभाऊंचे लेखन घाटकोपरच्या चिरागनगरात झाले, त्यामुळे स्मारकाचा मान मुंबईचा. मुंबईचा हक्क नाकारायचे कारण नाही. पण फकिरा गिरणगावात घडलेला नाही. अण्णाभाऊ जन्मले तेव्हा, 1920 मध्ये, वाटेगाव सातारा जिल्ह्यात होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्याचाच पुढे सांगली जिल्हा झाला. सरहद्दी बदलल्या, तरी त्यांच्या कादंबऱ्यांचा भूगोल हाच राहिला. चिरागनगरने कामगार-लेखक दाखवावा, वाटेगावने त्याला घडवणारे गाव.

खर्चाचा आक्षेप अधिक रास्त आहे. ज्या पैशात अभ्यासिका उभी राहील, तो जुन्या आठवणींवर का घालवायचा? पण हे दोन पर्याय एकमेकांच्या आड येत नाहीत. सातारा जिल्ह्यातल्या भिलारने 2017 पासून पुस्तकांसाठी घरे उघडली आणि वाचक महाबळेश्वरच्या डोंगरात जाऊ लागले. वाटेगावातही संग्रहालयालाच ग्रंथालय आणि अभ्यासिका जोडता येईल. खरा धोका वेगळा आहे: भव्य इमारत बांधायची, फीत कापायची आणि मग कुलूप लावायचे. म्हणून निधी मागताना आधी बांधकामाचा नव्हे, तर अभिरक्षकाच्या पगाराचा, कागदपत्रे जतन करण्याचा आणि शाळांच्या सहलींचा हिशेब मांडावा. गावातल्या वृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम तर इमारतीची वाट न पाहता सुरू करता येते, आणि ते आधी करायला हवे; कारण बांधकाम लांबले तरी चालेल, ही माणसे थांबणार नाहीत.