खोल समुद्रातल्या अनोळखी जिवाची ओळख पटते कशी?

लखनौ शहरात फिरताना एक गोष्ट चटकन नजरेत भरते. जुन्या दरवाजांवर आणि इमारतींवर जोडीने कोरलेले मासे! अवधच्या नवाबांचे ते राजचिन्ह होते. पुढे उत्तर प्रदेशच्या राज्यचिन्हातही माशांची जोडी आली. गोमतीकाठच्या या शहरापासून समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर आहे. त्यामुळे अरबी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एखाद्या विचित्र माशाचा अधिकृत नमुना लखनौत जपून ठेवला आहे, असे कोणी सांगितले तर सहसा कोणाचा विश्वास बसणार नाही. पण ही गोष्ट खरी आहे.

लखनौ छावणीच्या बाजूला, कॅनॉल रिंग रोडवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची एक संस्था आहे. तिचे नाव राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो. टपालाचा पत्ता दिलकुशा. १९८३ मध्ये अलाहाबादला सुरू झालेली ही संस्था १९९९ मध्ये लखनौला आली. देशातील माशांची नोंद ठेवणे, त्यांचे आनुवंशिक गुणधर्म तपासणे आणि नमुने सांभाळणे हे तिचे काम. समुद्राशी थेट संबंध राहावा म्हणून संस्थेचे एक केंद्र कोचीला आहे.

या कामाचा आपल्याशी काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण ज्या जिवाला नाव नाही, त्याला कायद्याचे संरक्षण देता येत नाही, त्याची संख्या मोजता येत नाही आणि तो नाहीसा झाला तरी कोणाला कळत नाही. जन्माची नोंदच नसेल तर मृत्यूचा दाखला तरी कसा मिळणार?

रूप बदलणारा दाब

समुद्रात सुमारे २०० मीटरच्या खाली सूर्यप्रकाश अगदी क्षीण होतो आणि १,००० मीटरच्या खाली कायमचा काळोख असतो. दर १० मीटरला पाण्याचा दाब साधारण एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे १,००० मीटरवर प्राण्याच्या अंगावर पृष्ठभागापेक्षा सुमारे शंभरपट दाब असतो. तेथे राहणाऱ्या जिवांची शरीरे त्याच दाबासाठी घडलेली असतात. काहींचे अंग लिबलिबीत असते, काहींचे डोळे प्रचंड मोठे असतात, तर काहींच्या अंगावर स्वतःचे दिवे असतात.

असा जीव जाळ्यात सापडून वर येतो, तेव्हा त्याचे मूळ रूप अनेकदा बिघडून जाते. २००३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संयुक्त मोहिमेत एक हजार मीटरहून अधिक खोलीवरून एक मासा वर आला. ओघळलेले नाक, लोंबणारे ओठ, अंगाचा नुसता गोळा! ‘ब्लॉबफिश’ या नावाने त्याचे छायाचित्र जगभर गाजले. २०१३ मध्ये एका लोकमत चाचणीत या माशाला जगातील सर्वांत कुरूप प्राणी ठरवण्यात आले. हा त्या बिचाऱ्यावर अन्यायच होता. खोल पाण्यात, दाबाच्या आधाराने तो बराचसा सामान्य माशासारखाच दिसतो. केवळ बंदरावर पडलेल्या गोळ्याकडे पाहून त्याची ओळख ठरवणे म्हणजे अपघातातल्या चेंदामेंदा झालेल्या मोटारीवरून तिचे मूळ रूप सांगण्यासारखे आहे.

तीन घराणी की एक?

तज्ज्ञांचीही येथे फसगत झाली आहे. डोक्यावर गळ घेऊन फिरणाऱ्या ‘अँगलर’ माशाचेच पहा. १९२२ मध्ये आइसलंडच्या एका शास्त्रज्ञाला एका मादीच्या अंगाला चिकटलेले दोन छोटे मासे दिसले. ती तिची पिल्ले असावीत असे त्याला वाटले. १९२५ मध्ये ब्रिटिश तज्ज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनी अशाच एका छोट्या माशाची चिरफाड करून पाहिली, तेव्हा ते पिल्लू नसून नर आहे असे सिद्ध झाले! काळ्याकुट्ट विस्तारात जोडीदार पुन्हा भेटण्याची खात्री नसते. म्हणून काही जातींचा नर एकदा मादीला चिकटला की तिच्याच रक्तावर जन्मभर जगतो.

याहून मोठा घोटाळा २००९ मध्ये उघड झाला. अनेक दशके शास्त्रज्ञ तीन वेगवेगळी मत्स्यकुळे मानत होते. एकातले मासे लांब फितीसारख्या शेपटीचे, दुसऱ्यातले मोठ्या नाकाचे आणि तिसऱ्यातले देवमाशासारख्या जबड्याचे. त्यांच्यात कसलेही साम्य दिसत नव्हते. मात्र पहिल्या कुळात सगळी पिल्लेच सापडत, दुसऱ्यात सगळे नर आणि तिसऱ्यात सगळ्या माद्या. त्यांच्या पेशींतील डीएनए तपासल्यावर कोडे सुटले. ही तीन कुळे नव्हतीच. एकाच कुळातली मुले, बाप आणि आया वेगवेगळ्या नावांनी नोंदल्या गेल्या होत्या!

केरळच्या बंदरापासून लखनौपर्यंत

आता लखनौतल्या त्या नमुन्याकडे वळू. केरळमध्ये कोचीजवळ काळमुक्कू नावाचे मासेमारी बंदर आहे. खोल पाण्यात जाणारे ट्रॉलर येथे माल उतरवतात. कोळंबीसारखा विकाऊ माल वेगळा काढला की उरतो तो नको असलेल्या जिवांचा ढीग. ही मासळी बहुधा कोंबड्यांच्या आणि माशांच्या खाद्याच्या भुकटीत जाते. संशोधक नेमका हाच ढीग चाळतात.

अशा मासळीतच त्यांना वामेच्या जातीचे, सडपातळ अंगाचे आणि बदकाच्या चोचीसारखे तोंड लांबवलेले काही मासे मिळाले. इंग्रजीत या कुळाला ‘चेटकीण वाम’ अशा अर्थाचे नाव आहे. वाम ओळखणे हे मोठे किचकट काम. तिच्या अंगावर मोजण्याजोगे खवले सहसा नसतात, पर एकमेकांना जोडलेले असतात आणि दूरच्या जातीही वरवर सारख्याच दिसतात. म्हणून क्ष-किरण छायाचित्र काढून मणके मोजावे लागतात. अंगाच्या बाजूने जाणाऱ्या संवेदनरेषेवरची छिद्रे आणि दातांच्या ओळी भिंगाखाली पाहाव्या लागतात. डोके, तोंड आणि शेपटी यांची मापे एकमेकांशी ताडून पाहावी लागतात. जोडीला डीएनएची तपासणीही होते.

हे सारे झाल्यावर हा मासा जगात आजवर नोंदलेल्या कोणत्याही जातीशी जुळत नाही असे दिसले. २०२४ मध्ये त्याचे ‘फॅसिओलेला स्मिथी’ हे नाव प्रसिद्ध झाले. वामेच्या जातींचे जाणकार डेव्हिड स्मिथ यांच्या सन्मानार्थ ते ठेवण्यात आले. ज्या माशाच्या आधारे जातीचे वर्णन लिहिले जाते, त्याला ‘मूळ नमुना’ म्हणतात. तो लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य संग्रहालयात जमा झाला. उद्या जगात कोठेही तसाच मासा मिळाला आणि शंका आली, तर शेवटचा निवाडा या मूळ नमुन्याशी तुलना करूनच होईल.

यामागे कायदाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार देशात नवी जात सापडली तर ती नेमून दिलेल्या भांडारांना कळवून नमुना जमा करावा लागतो. माशांसाठी लखनौची संस्था हे असे एक भांडार आहे. सागरी जिवांसाठी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेकडे ही जबाबदारी आहे.

डीएनए म्हणजे जादूची कांडी नव्हे

कॅनडाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये एक सोपी कल्पना मांडली. दुकानातल्या वस्तूंवर जशा काळ्या रेघा असतात आणि यंत्र त्यांवरून वस्तू ओळखते, तसा प्रत्येक प्राण्याच्या डीएनएचा एक ठरावीक छोटा तुकडा वाचून त्याची जात ओळखता येईल. या तुकड्यात साधारण ६५० अक्षरे असतात. लखनौच्या संस्थेतील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये भारतीय समुद्रातील ११५ जातींच्या माशांची अशी नोंद प्रसिद्ध केली.

या पद्धतीचा मोठा फायदा म्हणजे अख्खा मासा लागत नाही. पंखाचा वाळका तुकडासुद्धा पुरतो. महाकाय बहिरी मुशी, म्हणजे व्हेल शार्क, हिला २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. पण नुसता वाळवलेला पंख पाहून तो कोणत्या मुशीचा हे सांगणे अवघड. तेथे डीएनए साक्ष देतो.

मात्र पोलिसांकडे ठसे घेतलेलेच नसतील, तर घटनास्थळी मिळालेला ठसा कोणाशी जुळवणार? डीएनएचेही तसेच आहे. आधी कोणीतरी मासा हातात घेऊन, मणके मोजून, नाव पक्के करून त्याची नोंद केलेली असली पाहिजे. म्हणून भिंग घेऊन बसणाऱ्या अभ्यासकाची गरज संपलेली नाही. नमुना टिकवण्याची रीतही काळजीपूर्वक पाळावी लागते. ताज्या रंगाचे छायाचित्र आधी काढायचे, कारण रंग लवकर उडतो. मांसाचा छोटा तुकडा आधी अल्कोहोलमध्ये ठेवायचा, कारण फॉर्मलिनने डीएनए बिघडतो. त्यानंतरच बाकीचा मासा फॉर्मलिनमध्ये घालायचा.

वेळेचे महत्त्व सांगणारी जुनी घटना प्रसिद्ध आहे. २२ डिसेंबर १९३८ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ईस्ट लंडनच्या बंदरात संग्रहालय सांभाळणाऱ्या मार्जोरी कोर्टने-लॅटिमर या तरुणीला ढिगात निळसर, जाड परांचा मासा दिसला. तिने तो नेला, तज्ज्ञ जे. एल. बी. स्मिथ यांना चित्र काढून पाठवले. उत्तर येईपर्यंत मासा कुजू लागला आणि आतले अवयव टाकून द्यावे लागले. तो निघाला सीलाकँथ! डायनासोरांबरोबर कोट्यवधी वर्षांपूर्वीच संपला, असे मानलेला मासा. आतल्या अवयवांसह दुसरा नमुना मिळवायला स्मिथ यांना १९५२ पर्यंत, म्हणजे तब्बल चौदा वर्षे थांबावे लागले.

पापलेट आणि भूकंप

अनोळखी जीव नेहमी खोल समुद्रातच असतात असे नाही. सरंगा किंवा पापलेट महाराष्ट्रातल्या किती घरांत आवडीने खाल्ले जाते! २०२३ मध्ये ते राज्यमासा म्हणून जाहीर झाले. पाठ्यपुस्तकांत आणि अहवालांत त्याचे शास्त्रीय नाव वर्षानुवर्षे ‘पाम्पस अर्जेन्टियस’ असे लिहिले जात होते. शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून मात्र भारतीय किनाऱ्यावरचे रुपेरी पापलेट ‘पाम्पस कँडिडस’ ही वेगळी जात असल्याचे पुढे आले. ताटातली चव बदलत नाही, हे खरे. पण मासा अंडी कधी घालतो, किती मोठा झाल्यावर पकडावा, हे नियम दुसऱ्याच जातीच्या माहितीवर बेतले तर नुकसान कोळ्याचे आणि माशाचे, दोघांचेही होते.

ओळख नसली की भीतीला वाव मिळतो. लांब रुपेरी पट्ट्यासारखा ‘ओरफिश’ किनाऱ्याला लागला की भूकंप होणार, अशी समजूत जपानमध्ये जुनी आहे. आता तर मोबाइलवरून ती घरोघर पोहोचते. जपानी संशोधकांनी खोल पाण्यातले मासे वर दिसल्याच्या ३३६ नोंदी १९२८ ते २०११ या काळातील भूकंपांशी ताडून पाहिल्या. संबंध जोडता येईल अशी घटना निघाली फक्त एक. त्यांचा निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला.

आधी नाव, मग खाण

भारताच्या खोल समुद्राचा शोध नवा नाही. अल्फ्रेड अल्कॉक हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर १८८८ पासून ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर निसर्गतज्ज्ञ म्हणून काम करत होते. त्यांनी कित्येक खोल सागरी जातींची पहिली वर्णने लिहिली. आज भारताची नजर तळाशी असलेल्या धातूंच्या गोळ्यांवर आहे. मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्र भारताला शोधासाठी मिळाले आहे. २०२१ मध्ये सरकारने ४,०७७ कोटी रुपयांच्या खोल सागर मोहिमेला मंजुरी दिली. तीन माणसांना ६,००० मीटर खोल नेणारी ‘मत्स्य ६०००’ ही पाणबुडी याच मोहिमेचा भाग आहे.

अशा गोळ्यांसाठीच चर्चेत असलेल्या प्रशांत महासागराच्या एका भागाचा हिशेब २०२३ मध्ये मांडला गेला. तेथे ५,५७८ जाती सापडल्या होत्या आणि त्यांतल्या सुमारे नव्वद टक्के जातींना नावच नव्हते. म्हणजे खाण सुरू झाली तर काय गमावले, याची यादीसुद्धा करता येणार नाही. मच्छीमार बंदरांवर तर हे रोज घडते आहे. जे ओळखले गेले नाही, त्याची भुकटी होते.

या कामात सामान्य माणसाचाही हातभार लागू शकतो. किनाऱ्यावर किंवा बाजारात विचित्र मासा दिसला तर त्याला हाताने चाचपू नये. काही माशांचे काटे विषारी असतात. खाण्याचा प्रयोग तर मुळीच करू नये. शेजारी फूटपट्टी किंवा नाणे ठेवून त्याचे बाजूने छायाचित्र काढावे, पर आणि तोंड स्पष्ट दिसू द्यावे. तारीख, ठिकाण आणि कोळीबांधवाला विचारून जाळे किती खोल टाकले होते ते लिहून घ्यावे. ही माहिती केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे मुंबई केंद्र, पुण्यातील भारतीय प्राणिसर्वेक्षणाचे कार्यालय किंवा गोव्याची समुद्रविज्ञान संस्था यांच्याकडे पाठवावी. ‘राक्षसी मासा सापडला’ अशी ओळ जोडून ते छायाचित्र दहा जणांना धाडण्यापेक्षा एका जाणकाराला पाठवलेले केव्हाही चांगले. ईस्ट लंडनच्या त्या तरुणीने तेव्हा एवढेच केले होते.