काट्यावर संशय घेण्याआधी मोटरची केबल बघा



आजचा मेसेज बाजारभावाचा नाही, फवारणीचाही नाही. थोडा मोठा आहे, पण शेवटपर्यंत वाचा. विषय आपल्या मापाचा आहे.

मागच्या हंगामात ग्रेडिंग शेडमध्ये काट्यावरून झालेला वाद सगळ्यांना आठवत असेल. सोयाबीनचं पोतं ठेवलं की आकडा थांबायलाच तयार नाही. कधी २०० ग्रॅम पुढे, कधी ३०० ग्रॅम मागे. काही जण तोंडावर बोलले, काही जण पारावर बोलले, की आता आपलीच कंपनी काटा मारायला लागली. काटा दुरुस्त करणाऱ्याला दोनदा बोलावलं, लोड सेल बदलला, तरी तेच. शेवटी माल घेऊन आलेल्या एका सभासदानेच सांगितलं, "एलिव्हेटर बंद असला की आकडा गप्प बसतो, चालू झाला की नाचतो."

दोष काट्यात नव्हता. एलिव्हेटरच्या मोटरला आपण व्हीएफडी, म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला होता. त्याची मोटरकडे जाणारी केबल साधी होती आणि काट्याच्या वायरसोबत एकाच ट्रेमधून नेली होती. चूक आपलीच. कोटेशन बघताना ड्राइव्हची किंमत बघितली, केबल कोणती हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

*असं का होतं?*
ड्राइव्ह मोटरला साधी लाइट देत नाही. तो आलेल्या लाइटचे तुकडे करून सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत पुढे पाठवतो. त्यामुळे ती केबल एखाद्या एरियलसारखी वागते आणि शेजारच्या वायरमध्ये गोंधळ सोडते. लोड सेलचा सिग्नल तर फारच बारीक. काटा पूर्ण भरला तरी जेमतेम १० ते २० मिलिव्होल्ट. तिथे एवढासा गोंधळसुद्धा वजन म्हणून दिसतो.

शिल्डेड केबलमध्ये तारांवर तांब्याची जाळी असते. ती हा गोंधळ आत ठेवते आणि सुटलेला करंट ड्राइव्हकडे परत नेते. पण जाळी दोन्ही टोकांना नीट बांधली तरच. आपल्याकडे जाळी पिळून तिची शेपटी करतात आणि एका स्क्रूला अडकवतात. त्याने अर्धा फायदा जातो. जाळी क्लॅम्पने किंवा धातूच्या ग्लँडने चहूबाजूंनी पकडली पाहिजे.

*आता मुद्द्याचं*
या महिन्यात दुसऱ्या ग्रेडिंग लाइनची कोटेशनं संचालक मंडळापुढे येणार आहेत. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, "वायर ती वायर, शिल्डेडला जास्त पैसे कशाला?" पैसे सभासदांचे आहेत, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण माझं मत स्पष्ट आहे. केबलवर वाचवलेला पैसा आपण मागच्या वर्षी लोड सेलमध्ये, काटेवाल्याच्या फेऱ्यांत आणि भांडणात घालवला. एकदा काट्यावरचा विश्वास उडाला, की माल परत व्यापाऱ्याकडे जातो. तेव्हा ज्या कोटेशनमध्ये पुढच्या गोष्टी लिहिलेल्या नाहीत, ते स्वस्त असलं तरी घेऊ नये:

१) ड्राइव्ह ते मोटर शिल्डेड केबल, आत वेगळी अर्थ वायर. जाळी दोन्ही टोकांना क्लॅम्प केलेली.
२) काट्याची आणि सेन्सरची वायर मोटर केबलपासून किमान दीड-दोन फूट लांब. ओलांडायचीच असेल तर काटकोनात.
३) ड्राइव्ह मोटरच्या जवळ, केबल जेवढी आखूड तेवढी बरी.
४) बिल देण्याआधी सगळ्या मोटरा चालू ठेवून काट्यावर प्रमाणित वजन ठेवून चाचणी, तीही सभासदांसमोर.

*तुमच्या शेतावर*
सौर पंपाचा कंट्रोलरही आतून ड्राइव्हच असतो. बोअरमध्ये शिल्डेड केबल सहसा नसते, तिथे काळजी वेगळी. केबल लांब असली की मोटरच्या टोकाला व्होल्टेजचे झटके जवळपास दुप्पट होऊ शकतात आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन हळूहळू जातं. कंट्रोलरच्या पुस्तकात केबलच्या लांबीची मर्यादा दिलेली असते. बोअर खोल असेल तर बसवणाऱ्याला ती विचारा, जास्त होत असेल तर फिल्टर मागा. कंट्रोलर आणि मोटरच्या मध्ये कंडेन्सर कधीच जोडू नका.

अर्थिंग कागदावर नको, जमिनीत पाहिजे. ड्राइव्ह लावल्यावर ईएलसीबी वारंवार पडते म्हणून ती काढून डायरेक्ट जोडणारे आपल्यातही आहेत. कृपया असं करू नका. ओल्या वावरात तीच जीव वाचवते. सारखी पडत असेल तर केबल आणि अर्थिंग तपासून घ्या आणि ड्राइव्हला चालेल अशी ईएलसीबी बसवा.

कंट्रोलर स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही आत काही मिनिटं जोरदार करंट राहतो आणि दिवसा पॅनलकडून येणारी वायर जिवंतच असते.

नवीन पंपाचं किंवा ड्राइव्हचं कोटेशन घेतलं असेल तर सही करण्याआधी त्याचा फोटो याच नंबरवर पाठवा, आपण मिळून बघू. दुसऱ्या लाइनबद्दल तुमचं मत वेगळं असेल तर तेही कळवा. बैठकीत वाचून दाखवीन.

आपला,
संचालक, यंत्रसामग्री समिती