ब्राउझरची हमाली

जगाची कामं आपोआप व्हावीत म्हणून जे पगार घेतात, तेच लोक स्वतःची कामं सगळ्यात जास्त हाताने करतात. विधान भडक वाटत असेल तर सकाळी साडेनऊला कुठल्याही आयटी कंपनीत एक चक्कर मारा. दर दुसऱ्या स्क्रीनवर तोच खेळ चालू असतो. टॅब उघड, जाहिरात बंद कर, कुकीवाल्या पट्टीला "हो बाई, हो" म्हण, यादीतून नाव निवड, आकडा बघ, एक्सेलमध्ये टाक. मग पुढचं नाव. आणि हा इसम दिवसभर काय करतो? तर बँकांसाठी ऑटोमेशन! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

उदाहरण घेऊ म्युच्युअल फंडांचं, कारण एसआयपी नसलेला आयटीवाला मला अजून भेटायचाय. पाच-सहा योजना असतात, त्यांची एनएव्ही बघायची असते. (रोज बघू नये हे मान्य. पण बघतात.) त्यासाठी मंडळी कुठली कुठली पोर्टल्स उघडून बसतात. आता हे बघा: म्युच्युअल फंडांची संघटना, म्हणजे अ‍ॅम्फी, सगळ्या योजनांची एनएव्ही एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवते. नाव 'एनएव्हीऑल', शेवटी टीएक्सटी. लॉगिन नाही, कॅप्चा नाही, काही नाही. एका ओळीत एक योजना, मध्ये अर्धविराम. पहिल्या रकान्यात योजनेचा कोड, चौथ्यात नाव, पाचव्यात एनएव्ही, सहाव्यात तारीख. कर्लने फाइल आणायची, ग्रेपने आपल्या पाच कोडच्या ओळी गाळायच्या, कटने हवे ते रकाने काढायचे आणि एका फाइलच्या शेपटीला जोडायचे. झालं. ओळ एकच. मध्ये दोन पाइप.

ह्यावर पहिलं उत्तर ठरलेलं: "अरे, चार मिनिटांचं काम, त्यासाठी स्क्रिप्ट कोण लिहीत बसणार?"

हिशोबच करायचा तर करू. रोज 4 मिनिटं, वर्षाला 250 कामाचे दिवस, म्हणजे 1000 मिनिटं. साडेसोळा तास. दोन पूर्ण कामाचे दिवस. स्क्रिप्टला लागतो अर्धा तास, आणि तोही कोलन-सेमीकोलनशी भांडण्यात. पण खरं सांगू का, मला हा मिनिटांचा युक्तिवाद फारसा आवडत नाही. ती 4 मिनिटं कधीच 4 नसतात. आकडा बघायला गेलेला माणूस 'ह्या 3 फंडांनी केलं मालामाल' वाचून, एक व्हिडिओ बघून, वीस मिनिटांनी परत येतो, आणि मूळ आकडा काय होता ते पुन्हा बघायला जातो :-) ते पान बांधलंच आहे तुम्हाला थांबवायला. ग्रेपला तुम्हाला थांबवण्यात काडीचाही रस नाही.

दुसरं उत्तर: "अ‍ॅप आहे की!" आहे ना. पण त्या अ‍ॅपला तुमच्याकडे काय आहे, तुम्ही दिवसातून किती वेळा घाबरून बघता, बाजार पडला की तुमचं बोट कुठल्या बटणाकडे जातं, हे सगळं कळतं. आपण नेहमी म्हणतो की आपण माहिती 'शोधतो'. पण कुठेही एक नाव टाइप करून शोधलं की आपणही एक माहिती देऊन येतो. अ‍ॅम्फीची ती फाइल अख्खी उतरवली, तर त्यातल्या हजारो ओळींपैकी मी कुठल्या पाच वाचल्या हे अ‍ॅम्फीलाही कळत नाही. गाळणी माझ्या घरात आहे. मला हा फरक मिनिटांपेक्षा फार मोठा वाटतो.

गंमत म्हणजे कर्ल ह्याच असल्या कंटाळ्यातून जन्मलं. 1996 मध्ये स्वीडनमधल्या डॅनियल स्टेनबर्गला आपल्या आयआरसी चॅनेलवरच्या बॉटला चलनांचे दर सांगायला शिकवायचं होतं. दर रोज एका वेबपानावर येत. ते आपोआप आणायला त्याने राफाएल सागुला नावाच्या ब्राझिलियन प्रोग्रामरचं 'एचटीटीपीगेट' हे छोटं हत्यार घेतलं आणि त्यात भर घालत गेला. 1998 मध्ये त्याचं नाव कर्ल झालं. आज ते मोबाईलपासून मोटारींपर्यंत सगळीकडे बसलंय. सुरुवात मात्र 'रोज तेच पान कोण उघडणार' इथून.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. ह्यांना ऑटोमेशनचं वावडं नाही, उलट फारच प्रेम आहे. पाच आकडे आणायचे म्हटलं की ह्यांचा सेलेनियम निघतो, मग डॉकर, मग डेटाबेस, मग डॅशबोर्ड, आणि तिसऱ्या शनिवारी सगळं अर्धवट टाकून पुन्हा ब्राउझर. मुंगी मारायला तोफ, आणि तोफेला बैल मिळेनात! 1986 मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' मधल्या आपल्या सदरासाठी जॉन बेंटलीने डोनाल्ड कनूथला एक प्रोग्राम लिहायला सांगितला: मजकुरात सगळ्यात जास्त वेळा आलेले शब्द छापा. कनूथने अनेक पानांचा देखणा प्रोग्राम लिहिला, त्यासाठी खास डेटा स्ट्रक्चर घडवलं. परीक्षण करायला होता डग मॅकिलरॉय, ज्याच्या आग्रहाने 1973 मध्ये युनिक्सला पाइप मिळाला तो. त्याने कनूथचं कौतुक केलं आणि तेच काम सहा कमांडच्या एका पाइपलाइनमध्ये करून दाखवलं. (कनूथवर अन्याय नको. त्याला प्रोग्राम लिहिण्याची एक पद्धत दाखवायची होती, आणि ती त्याने उत्तम दाखवली.) आपण बहुतेक जण कनूथ नाही. आपल्याला सहा कमांड पुरतात.

"माझ्याकडे विंडोज आहे" ही सबबसुद्धा आता चालत नाही. 2018 पासून विंडोज 10 मध्ये कर्ल आपसूक येतं, आणि डब्ल्यूएसएल टाकलं की ग्रेप-कटही मिळतात. आणि "आता एआयलाच विचारतो" म्हणणाऱ्यांना एकच विनंती: त्याला आकडा विचारू नका, स्क्रिप्ट मागा. आकडा बरोबर आहे का हे रोज तपासावं लागेल. स्क्रिप्ट एकदा नीट वाचली की झालं. दहाच ओळी आहेत, वाचा की!

एक आक्षेप मात्र खरा आहे. स्क्रिप्ट मरते आणि मेल्याचं सांगत नाही. पत्ता बदलला, रकाना सरकला, की ती निमूटपणे काहीच न आणता बाहेर पडते आणि आपण जुन्याच आकड्यावर खूष. म्हणून ग्रेपच्या हाती काही लागलं नाही तर तिने बोंब मारलीच पाहिजे, ह्याची एक ओळ आधी लिहायची. सुट्टीच्या दिवशी फाइलमध्ये आदल्या दिवसाचीच तारीख असते, तेव्हा दुबार ओळी सॉर्टने काढायच्या. कोड शोधताना ओळीच्या सुरुवातीची खूण आणि पुढचा अर्धविराम विसरायचा नाही, नाहीतर भलतीच योजना गळाला लागते. आणि साध्या क्रॉनला रात्री साडेअकराची वेळ देऊन लॅपटॉप मिटून झोपलात तर काही चालणार नाही. हुकलेलं काम जाग आल्यावर करायला अ‍ॅनाक्रॉन लागतो.

दुसरी गोष्ट सभ्यतेची. बघणं वेगळं, बळकावणं वेगळं. तात्काळ तिकिटं झपाट्याने काढणारं बेकायदा सॉफ्टवेअर बनवल्याच्या आरोपावरून 2017 च्या डिसेंबरमध्ये सीबीआयने आपल्याच एका असिस्टंट प्रोग्रामरला अटक केली होती. रांगेत उभ्या माणसाच्या पुढे घुसणारी स्क्रिप्ट कितीही हुशार असली तरी माझ्या लेखी ती घुसखोरीच. जिथे कॅप्चा लावलाय तिथे मालक 'माणसानेच या' म्हणतोय, ते ऐकायचं. एकाच साइटची शंभर पानं हवी असतील तर दोन पानांमध्ये स्लीप टाकायचा. अ‍ॅम्फीची फाइल दिवसातून एकदा आणली तर कोणाच्या पोटात दुखत नाही, दर मिनिटाला आणाल तर दुखायलाच हवं.

पण माझा खरा राग ह्या सगळ्यांवर नाही, तो आपल्या धंद्यावर आहे. कारण अशी साधी फाइल मिळणं हेच आता नवल झालंय. पाणी कधी येणार, वीज कुठे जाणार, कुठल्या वॉर्डात किती रुग्ण, ही सार्वजनिक माहिती स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये नाहीतर जावास्क्रिप्टने रंगवलेल्या, गरगर फिरणाऱ्या डॅशबोर्डमध्ये असते. ती तशी कोण बनवतं? नगरसेवक नाही बनवत. आपणच बनवतो. डेमोला टाळ्या मिळतात, इनव्हॉइस निघतं, आणि ज्याला रोज एक आकडा हवा असतो तो आयुष्यभर त्या चक्राकडे बघत बसतो. पुढच्या वेळी असलं काही बांधायला घ्याल तेव्हा क्लायंटला डॅशबोर्ड द्याच, बिचाऱ्याने पैसे मोजलेत. पण त्याच सर्व्हरवर, कोपऱ्यात का होईना, तेच आकडे एका टेक्स्ट फाइलमध्येही ठेवा: एका ओळीत एक नोंद, मध्ये अर्धविराम, शेवटी तारीख. एक्स्ट्रा काम किती? एक एसक्यूएल क्वेरी आणि एक क्रॉन.